माझ्या पश्चात खाऱ्या पाण्याची टाकी

लिहून ठेवणार : सिंधु वैजनाथ बिरादार, वय ६४ वर्षे, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार विष्णुपुरी, नांदेड.

हे मृत्युपत्र मी माझ्या घरी, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे आणि स्मरण गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव किंवा धाक नाही. याआधी मी असे काही लिहिलेले नाही. डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेबद्दल जे सांगितले ते दोन्ही मुलांना माहीत आहे, त्यामुळे इथे पुन्हा लिहीत नाही.

कलम १. विष्णुपुरीचे राहते घर माझी मुलगी आरती (राहणार लातूर) आणि मुलगा सत्यम (राहणार पुणे) या दोघांना समान हिश्श्याने मिळावे. विकायचे की ठेवायचे ते दोघांनी बसून ठरवावे. फोनवर ठरवू नये, फोनवर तुम्ही दोघेही लवकर चिडता.

कलम २. माझी बोरमाळ आणि पाटल्या आरतीला. बँकेतील ठेवी दोघांना निम्म्या निम्म्या.

कलम ३. माझे पती कै. वैजनाथ हे विष्णुपुरीच्या पंपहाऊसवर मेकॅनिक होते. त्यांचे पान्हे, मल्टीमीटर व हत्यारांची लोखंडी पेटी उदगीरचे माझे धाकटे दीर गुंडप्पा भावजी यांना द्यावी. भावजींशी मी नऊ वर्षे मोजकेच बोलले. सन २०१६ च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले होते. दिवाणखान्यातल्या माशांच्या टाकीसमोर उभे राहून चार पाहुण्यांत म्हणाले, "वहिनी, लातूरला रेल्वेनं पाणी यायलंय, आरतीच्या नळाला दहा दिवस थेंब न्हाई, अन् तुम्ही माशाला पाणी पाजायलाव?" मला ते फार लागले. पण त्यांचे चुकले नव्हते, हे आज लिहून ठेवते. त्या उन्हाळ्यात टाकीला रोज तीन लिटर पाणी लागायचे. तेवढे मी माझ्या आंघोळीतून कमी करत होते. ते त्यांना तेव्हा सांगितले नाही, हा माझा ताठा.

कलम ४. आता टाकी.

हिचे सगळे नीट सांगितले पाहिजे, कारण हिच्यातले जीव माझ्यामागे उरणार आहेत.

सन २००७ मध्ये आम्ही शाळेच्या सहलीबरोबर मालवणला गेलो. यांनी जन्मभर गोदावरीचे पाणी उपसले, समुद्र मात्र पहिल्यांदाच पाहिला. ओहोटीला खडकांच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात हे गुडघाभर उभे राहिले, बोटाएवढे मासे बघत. बसवाला हॉर्न वाजवून थकला. शेवटी मी ओढून आणले, तर म्हणाले, "सिंधु, हे घरी न्यायचं."

वर्षभर हे वाचत होते, लोकांना फोन करत होते. मग दिवाणखान्याच्या भिंतीला सव्वादोनशे लिटरची काचेची टाकी आली. हैदराबादहून मिठाची पोती आली, समुद्रातले सच्छिद्र दगड आले. दीड महिना टाकीत फक्त पाणी आणि दगड! गल्लीतल्या बाया मुद्दाम बघायला यायच्या आणि विचारायच्या, "मासे कुठं हायत?" हे शांतपणे सांगायचे, "पाणी मुरायलंय. दगडात आधी बारीक जंतू जगू द्यावे लागतात. ते माशांची घाण खातात. ते नसले तर मासा आपल्याच घाणीनं मरतो." बाया माझ्याकडे बघायच्या, मी जमिनीकडे.

पण मासे आले आणि घर बदलले. संध्याकाळी निळा दिवा लागला की टीव्ही बंद व्हायचा. सत्यम आठवीत होता. दप्तर टाकून तो काचेला नाक लावायचा, वडिलांना एकामागून एक प्रश्न विचारायचा. बाप-लेक इतके एकमेकांशी बोललेले मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

एप्रिल २०१० मध्ये हे शेताच्या मोजणीसाठी तीन दिवस उदगीरला गेले. जाताना म्हणाले, "पाणी कमी झालं की भर घाल." उन्हाने पाणी भराभर उतरले. मी शिक्षिका, हुशार! मला वाटले, पाणी गेले म्हणजे त्यातले मीठही गेले. स्वयंपाकघरातल्या मिठाचा एक पुडा पहिल्या दिवशी आणि एक दुसऱ्या दिवशी मी गोड्या पाण्यात कालवून टाकीत ओतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे तळाशी आडवे पडलेले. त्याच वेळी हे दारात. आदल्या दुपारी सत्यमने कूलर लावायला टाकीचे पाणी खेळवणाऱ्या मोटरची पिन काढली होती आणि तासाभराने परत लावली होती. कूलरची वायर बोर्डाजवळ पडलेली पाहून यांनी विचारले, "पिन कोणी काढली होती?"

"मी, पप्पा. पण एकच तास..."

यांनी त्याच्या थोबाडीत मारली. पोरावर हात उचललेला तो एकच प्रसंग. मी कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी काही बोलले नाही.

दुपारी यांनी खारेपणा मोजायच्या डबीत पाणी घेतले. काटा १.०२५ वर असायला हवा, तो १.०३२ वर होता. हे बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघराकडे बघितले. बोलले हेही नाहीत. आठ दिवसांनी मला जवळ बसवून डबी माझ्या हातात दिली, म्हणाले, "उन्हानं निसतं पाणी उडतं. मीठ खालीच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची." एवढेच. पुढच्या महिन्यात सत्यमला गिअरची सायकल आणली. कशाबद्दल, ते सांगितले नाही. सत्यमने सायकल फिरवली, पण टाकीजवळ परत गेला नाही.

आताची क्लाउनफिशची, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांच्या केशरी माशांची, जोडी सन २०११ ची. थर्माकोलच्या डब्यात, रेल्वेने, यांच्या मांडीवर बसून हैदराबादहून आली. सन २०१९ मध्ये हे गेले. अकराव्या दिवशी घरात पाहुणे असताना मी खांद्यापर्यंत हात घालून टाकीचे पाणी बदलले, कारण त्याचा दिवस होता. तेव्हापासून एक आठवडा चुकलेला नाही. आता मात्र बादली उचलवत नाही.

कच्च्या मसुद्यात या कलमात मी प्रथम टाकी आरतीच्या नावे लिहिली होती. पण पक्की प्रत करण्याआधी वरची हकीकत सत्यमला तोंडाने सांगणे मला भाग होते. तो दिवाळीला आला. पाडव्याच्या सकाळी चहा घेताना मी म्हटले, "सत्यम, त्या वेळी मीठ मी टाकलं होतं."

तो कपाकडे बघत म्हणाला, "दोन पुडे."

"तुला कसं माहीत?"

"कचरा टाकायला मीच गेलतो, आई."

"मग बोलला का न्हाईस रे?"

"तू बोलशील म्हणून वाट बघायलो होतो." कप खाली ठेवून म्हणाला, "सायकल आली, मग वाट बघायचं सोडून दिलं."

मी रडले. त्याने मला रडू दिले, समजूत घातली नाही, आणि ते बरोबर होते. दुपारी तो आपण होऊन टाकीसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "ताईला नको देऊ. तिच्या नळाचं तुला माहीतंय. अन् मृत्युपत्रात कशाला लिहायलीस? तू हायस तवर शिकव की."

तेव्हापासून तो एक शनिवार सोडून एका शनिवारी येतो. साबण न लावता हात धुवायचे, मीठ पूर्ण विरघळल्याशिवाय पाणी ओतायचे नाही, मे महिन्यात टाकीवर पंखा ठेवायचा, हे त्याला आता येते. जोडीतली मोठी मादी आहे. ती गेली तर काही महिन्यांत नराचीच मादी होते, घाबरू नये. हे ऐकून तो खूप हसला आणि मग त्याने वडिलांसारखे एकामागून एक आठ प्रश्न विचारले. चारांची उत्तरे मला आली नाहीत.

सबब कच्च्या मसुद्यातील आरतीचे नाव काढून टाकी, मासे, दगड व सर्व उपकरणे सत्यमच्या नावे केली आहेत. या पक्क्या प्रतीत खाडाखोड नाही. आरतीला हे सांगितले आहे. ती म्हणाली, "सुटले बाई." सत्यमला वडिलांनी ज्यासाठी मारले ती चूक त्याची नव्हती, माझी होती. याबद्दल नातेवाइकांपैकी कोणीही विचारले तर हा कागद दाखवावा.

हे सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही : सिंधु वैजनाथ बिरादार

साक्षीदार :
१. पंचशीला कांबळे, शेजारीण व शाळेतील सहकारी (सही)
२. डॉ. मनिषा पाटील. लिहून ठेवणाऱ्या पूर्ण शुद्धीवर असल्याची मी खात्री केली आहे. (सही)

स्थळ : विष्णुपुरी, नांदेड
दिनांक : १४ डिसेंबर २०२५