घरटी एक फॉर्म

६ जानेवारी २०२५, सोमवार

दोनशे बारा! वरवे बुद्रुकच्या माझ्या यादीत दोनशे बारा घरं, आणि पिशवीत दोनशे बारा फॉर्म. घरटी एक. एकही घर सुटलं नाही. पायांचे तुकडे पडलेत, पण सुलक्षणा मॅडम फोनवर चक्क 'शाब्बास' म्हणाल्या. पुण्याच्या ऑफिसातून त्या कुणाला असं म्हणत नाहीत.

कंपनीचं असं आहे — सह्यवेग ट्रान्सपोर्ट, आठशे ट्रक, पुढच्या दहा वर्षांचं धोरण ठरवायचंय. विजेच्या गाड्या, धूर कमी, पाणी कमी, वगैरे वगैरे. त्याआधी ज्यांच्या दारावरून गाड्या जातात त्या सगळ्यांचं ऐकायचं आणि अहवालात छापायचं. फॉर्मवर बारा मुद्दे, लोकांनी क्रम द्यायचा. मी 'गाव समन्वयक'. नाव मोठं, करार मार्चपर्यंत! अहवाल नीट झाला तर कायम करू म्हणाल्यात.

अब्बांना सांगितलं. तेही कंपनीचेच — बावीस वर्षं ट्रक चालवला, नजर अधू झाली तेव्हापासून एजन्सीमार्फत गावालगतच्या यार्डाच्या मागच्या गेटावर वॉचमन. म्हणाले, 'बरं झालं.' बस! दोन शब्द कौतुकाचे बोलायला काय जातं?

९ जानेवारी, गुरुवार

आकडे आले. पहिला क्रम — गावातल्या पोरांना नोकरी. दुसरा — जत्रेला मदत. यार्डाच्या मागच्या गेटाचा त्रास — अकरावा. झाडं लावणंसुद्धा त्याच्या वर!

मॅडम खूश. 'ते गेट मोठं करायचा विचार चाललाय. गावाची हरकत दिसत नाही.'

गावाची हरकत नाही? त्या गेटातून ट्रक मागं मागं येत थेट शेताच्या वाटेवर निघतात. भिंतीमुळे ड्रायव्हरला काही दिसत नाही. गेल्याच महिन्यात बनाकाकूंच्या डोक्यावरचा गवताचा भारा ट्रकनं उडवला, काकू चारीत पडल्या. आणि त्यांच्या घरच्या फॉर्मवर गेट बारावं! मीच तो भरून घेतला. उत्तरं सोमनाथनं दिली, त्यांच्या लेकानं. काकू आत माझ्यासाठी चहा करत होत्या.

११ जानेवारी, शनिवार

सगळे फॉर्म जमिनीवर पसरले. सह्या मोजल्या. दोनशे तीन पुरुष. नऊ बाया, त्या नऊच्या नऊ विधवा.

तोंडचं पाणी पळालं. कंपनीच्या सूचनेत स्पष्ट लिहिलंय — 'प्रत्येक प्रौढ व्यक्ती'. मी वाचलं होतं! पण आमच्याकडं जत्रेची वर्गणी घरटी, लग्नाचं बोलावणं घरटी, मग फॉर्मही मी घरटीच घेत सुटले. घरटी म्हणजे घरातला बाप्या. आणि त्या वाटेनं एक बाप्या जात नाही, ते मोटारसायकलवर सडकेनं जातात. वाटेनं जातात त्या बाया — गवताला, भांगलणीला, अंगणवाडीत पोरं सोडायला.

चूक मॅडमची नाही, कंपनीची नाही. माझी. अगदी माझी.

१२ जानेवारी, रविवार

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, 'बावीस तारखेपर्यंत आण बायकांचे फॉर्म. पण शाहीन, एक विचारते. ते गेट बंद झालं तर तिथली ड्यूटीही जाणार. तुझे वडील, हाशिमभाई —'

मला काय माहीत नाही? एकोणसाठाव्या वर्षी, त्या नजरेनं, अब्बांना दुसरीकडे कोण उभं करणार! इकडे आड, तिकडे विहीर.

अम्मीला सांगितलं. म्हणाली, 'हात दाखवून अवलक्षण. कुणी विचारलं होतं तुला?'

अब्बा ऐकत होते.

१३ जानेवारी, सोमवार

अकरा घरं. शून्य फॉर्म. 'मालकांनी लिवलंय की! म्या परत लिवू आन् घरात भांडाण लावू व्हय?'

१५ जानेवारी, बुधवार

आणखी चौदा घरं. दोन फॉर्म. एक बाई तर दार लावून घेत म्हणाली, 'तुझं काम झालं का न्हाई अजून?'

शेवटी रत्नावहिनींच्या ओट्यावर बसले आणि रडूच आलं. वहिनी बचत गट चालवतात. म्हणाल्या, 'येडी का खुळी तू! दारोदार फिरून बाया बोलत्यात व्हय? शुक्रवारी हितं हळदीकुंकू हाय. बापे फिरकत न्हाईत तवा. ये फॉर्म घेऊन.'

१७ जानेवारी, शुक्रवार

साठ तरी बाया असतील. तिळगूळ, हसणं, उखाण्यांवरून चेष्टा. मला कुंकवाऐवजी गुलाबाचं फूल दिलं आणि वाण म्हणून चहाची गाळणी. मी फॉर्म काढले तर पुन्हा तेच — मालकांनी लिवलंय.

वहिनी उठल्या. 'मालकांनी नोकरी लिवली, बरूबर केलं. पर त्या वाटंनं कोन जातं? मालक का तुमी?'

बनाकाकू बसल्या होत्या तिथूनच म्हणाल्या, 'आन हिकडं. म्या सांगती, तू लिव. एक नंबर — गेट. दोन नंबर — गेट. तीन नंबर बी गेटच लिव!'

असं लिहिता येत नाही म्हटलं तर मलाच ओरडल्या. मग जी हसाहस झाली! लाह्या फुटाव्यात तशा बाया बोलायला लागल्या. कुणाची ओढणी ट्रकच्या हुकात अडकलेली, कुणी पोराला ओढून भिंतीला चिकटलेली. हे सगळं दोन वर्षं इथं होतं आणि माझ्या दोनशे बारा फॉर्ममध्ये याची एक ओळ नव्हती. लाज वाटली मला.

२१ जानेवारी, मंगळवार

चार हळदीकुंकू झाली. एकशे चौसष्ट फॉर्म. एकशे एकावन्न जणींचं गेट पहिलं. आजच पाठवले.

सकाळी गठ्ठा जेवायच्या खोलीत होता. अब्बांनी वरचा उचलला, डोळ्याजवळ नेऊन पूर्ण वाचला, परत ठेवला. डबा घेतला आणि ड्यूटीवर गेले. आठ दिवस झाले, माझ्याशी धड बोलत नाहीत. नका बोलू!

नाही, असं लिहायला नको होतं. मीच त्यांच्या पोटावर उठलेय.

२४ जानेवारी, शुक्रवार

मॅडमचा मेसेज. 'दोन वेगळ्या पद्धतीचे नमुने एकत्र करता येत नाहीत. अहवालात पहिलाच जाईल. सॉरी.'

२८ जानेवारी, मंगळवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

यार्डाच्या शेडमध्ये बैठक. मुंबईचे मोठे साहेब आलेले. पडद्यावर रंगीत पट्ट्या, गेटची पट्टी सगळ्यांत आखूड. पुढं बाप्यांच्या खुर्च्या, मागं सतरंजीवर बाया. माजी सरपंच मानसिंगराव उठून म्हणाले, 'आमच्या गावाची कायबी तक्रार न्हाई साहेब. पोरांना तेवढं कामाला घ्या.' टाळ्या.

साहेबांनी विचारलं, 'महिलांचं काही म्हणणं?'

कुणी हूं का चूं केलं नाही. रत्नावहिनींचे सासरे पहिल्या रांगेत — वहिनींनी पदर आणखी पुढं ओढला. असा राग आला! हळदीकुंकवाला एवढं बोलतात आणि इथं मिठाची गुळणी! पण मी कोणत्या तोंडानं रागावू? मी तर कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून गप्प उभी होते.

अब्बा शेडच्या दाराशी ड्यूटीवर होते. तिकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं.

मीच पुढं होऊन म्हणाले, 'साहेब, हे आकडे चुकीचे आहेत. चूक माझी. मी घरटी एक फॉर्म घेतला, त्यात बाया आल्याच नाहीत. त्यांचे एकशे चौसष्ट फॉर्म नंतर घेतलेत, प्रती या पिशवीत आहेत.'

मॅडमचा चेहरा उतरला. साहेबांनी पिशवी मागितली. उभ्या उभ्या पाच-सहा फॉर्म वाचले. मग म्हणाले, 'बोलू नका. फक्त हात वर करा. मागच्या गेटासमोरच्या वाटेनं रोज कोण जातं?'

पहिला हात बनाकाकूंचा. मग वहिनींचा. मग सगळी सतरंजी! पुढच्या खुर्च्यांमध्ये एकही हात नाही. मानसिंगराव मागं वळून बघतच राहिले. त्यांची सून दोन्ही हात वर करून बसली होती.

साहेब म्हणाले, 'एक तारखेपासून गेट बंद. गाड्या हायवेच्या बाजूनंच निघतील.'

मॅडम जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत.

३१ जानेवारी, शुक्रवार

वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीचा अब्बांना फोन आला. गेट बंद, ड्यूटी बंद. दुसरी जागा सध्या नाही. अब्बा 'बरं' म्हणाले आणि मोबाईल खिशात टाकला. युनिफॉर्म धुऊन, घडी घालून, पिशवीत भरला — परत द्यायचाय.

अम्मी मोरीतून बडबडत होती, 'लेकीनं बापाची भाकरी काढली म्हणतील लोक.'

मी विचारलं, 'अब्बा, रागावलात ना माझ्यावर?'

म्हणाले, 'जेव आधी. भात गार होतोय.'

ताट पुढं ओढलं. शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अहवालात 'सूचनापेटी' असा एक रकाना आहे, म्हणून मॅडमनी मागच्या गेटाजवळची पेटी उघडायला सांगितली. किल्ली कुणाकडेच नाही. बसवल्यापासून कुणी उघडलीच नव्हती. कुलूप तोडलं. आत चौदा चिठ्ठ्या. सगळ्या गेटाच्या रजिस्टरमधून फाडलेल्या कागदावर, सगळ्या एकाच अक्षरातल्या. सगळ्यांत खालची जून २०२३ची —

'आज एक बाई थोडक्यात वाचली. माझी ड्यूटी गेली तरी चालेल, पण मागचे गेट बंद करावे, ही विनंती. — हाशिम, वॉचमन.'