डब्याशेजारचं स्टूल

आये,

परवा दुपारी दुकानाबाहेरच्या पत्र्याच्या डब्यात एक बॅटरी पेटली. फुगलेली होती म्हणून लॅपटॉपमधून काढून डब्यातल्या वाळूवर ठेवली होती. आधी फुस्स आवाज, मग घशाला झोंबणारा धूर, मग जाळ. मी हात लांब करून बादलीभर वाळू ओतली आणि मागे सरले. कुणाला काही झालं नाही. फक्त डब्याशेजारचं प्लास्टिकचं स्टूल एका बाजूने वितळलं. तुझं स्टूल. तू जाऊन नऊ वर्षं झाली तरी मी ते हलवलं नव्हतं. परवापासून कामात मन लागत नाही.

तू पहिल्यांदा रोह्याला दुकान बघायला आलीस तो दिवस सारखा समोर येतो. थंडीचे दिवस, त्यात दुकानात एसी. पेणहून, वडखळला गाडी बदलून आलेली तू, पिशवीत सुके बोंबील, अंगावर लग्नकार्याला नेसायचीस ती निळी पॉलिस्टरची साडी. टेबलावर कंपनीतल्या एका साहेबांचा लॅपटॉप उघडून ठेवलाय आणि साहेब समोरच्याच खुर्चीत बसलेत. तू कौतुकाने वाकतेस. "किती धूल बसलीय गो याच्यावर," म्हणतेस आणि पदराचं टोक धरून हात पुढे नेतेस. तू सगळं पदरानेच पुसायचीस. माझं नाक, देवाचा फोटो, एसटीची सीटसुद्धा. मी ओरडले, "हात लावू नको. बाहेर जाऊन बस." तू पदराकडे नाही पाहिलंस, स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलंस. मिठागरात राबून चिरलेले, भेगाभेगांचे हात. मग म्हणालीस, "बरा, बसते भायर." साहेब मोबाइलमध्ये बघत राहिले.

त्यानंतर जेव्हा जेव्हा आलीस तेव्हा बाहेरच बसलीस. आत बोलावलं तर म्हणायचीस, "नको, हितं वारा हाय बरा." घरी मी लॅपटॉप काढला की हात पाठीमागे घ्यायचीस. तुझ्या तेराव्याला शेजारच्या काकूंनी सांगितलं की तू गावभर माझं कौतुक करायचीस, आणि वर म्हणायचीस, "माझे हाताला मीठ हाय, तिचे मशिनीला चालत नाय." मिठाचा काही संबंध नव्हता, आये. पॉलिस्टर घासलं की अंगात वीज साठते, कोरड्या हवेत जास्तच. आपल्याला कळणारही नाही एवढ्याशा विजेने लॅपटॉपच्या आतल्या बोर्डावरची चिप मरते. म्हणून आम्ही मनगटाला पट्टा बांधतो, त्याची तार अर्थिंगला जोडलेली असते, म्हणजे अंगातली वीज जमिनीत जाते. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तुला समजलंही असतं; थंडीत ती साडी झटकली की तडतडते, ते तूच मला लहानपणी ऐकवलं होतंस.

आणि तुला बसवलं कुठे, तर त्या डब्याला लागून. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, माणसांपासून लांब ठेवा, हे मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. डबा बाहेर ठेवला तो आतल्या लॅपटॉपना धोका नको म्हणून. तू तिथे तास-तास बसायचीस, कधी त्याच्या झाकणावर पिशवी टेकवून. मी काचेतून बघायचे आणि पुन्हा स्क्रूकडे वळायचे.

हे पत्र कुठे पाठवणार? दुरुस्तीच्या नोंदींच्या जुन्या जॉबकार्डांच्या गठ्ठ्याखाली ठेवून देईन. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की मी त्या साडीमुळे ओरडले. पण त्या दिवशी माझा मनगटाचा पट्टा भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होता. माझ्याही अंगावर पॉलिस्टरचाच ड्रेस होता, आणि तू यायच्या आधी अर्धा तास मी तो बोर्ड तसाच चाचपत होते. मला तुझ्या साडीची भीती नव्हती वाटली. साहेबांसमोर तुझ्या हातांची लाज वाटली होती.