नटवर्यांचे एकतीस चित्रपट : अंतिम क्रम

अमडापूर, मंगळवार, ९ जानेवारी १९६८

आजपासून रोजनिशी शुद्ध मराठीत. घरात आणि जिनिंगमध्ये दिवसभर 'मले-तुले' ऐकून कान किटले. निदान कागदावर तरी माणसाने माणसासारखे बोलावे.

संकल्प : नटवर्य मार्तंड देशमाने यांच्या एकतीस चित्रपटांचा गुणानुक्रम महिनाअखेर पुरा करणे. महाराष्ट्रात हे काम आजवर कोणी केलेले नाही. पुण्यामुंबईचे लेखक नुसते 'छान' म्हणून मोकळे होतात. छान म्हणजे किती छान? मी जिनिंगच्या वजनकाट्यावरचा माणूस. कापसाच्या गाडीत ओला कापूस दडवून आणणारे अठ्ठावीस वर्षे पकडतो आहे. मला फसवणारा अजून जन्माला यायचा आहे.

एकोणतीस पाहून झाले. उरलेले दोन याच आठवड्यात उकंडरावच्या टूरिंग टॉकीजमध्ये. उद्या 'काळी दौत', परवा 'फौजदार घरी नाहीत'.

बुधवार, १० जानेवारी. खेळानंतर.

तंबूत ऑफिसची खुर्ची घेऊन गेलो. बाकी गाव मातीत बसते. दोरीच्या अलीकडे पुरुष, पलीकडे बायका, आणि सगळीकडे शेंगांची टरफले. मातीत बसून कला कळत नाही.

'काळी दौत'. नटवर्य कोर्टातले गरीब कारकून. खोट्या सहीचा आळ त्यांच्यावर येतो. शेवटच्या रिळापर्यंत साधारण. मग तो शेवट! तुरुंगाचे दार लागते आणि पुढच्याच रिळात तोच कारकून कानांपर्यंत टोके आलेली भरघोस मिशी लावून, फौजदाराच्या ड्रेसमध्ये, वरातीत नाचतो आहे. तोही पाठमोरा! खुलासा एका शब्दाचा नाही. ज्याला कळायचे त्याला कळते की हे कैद्याचे स्वप्न. नुसत्या पाठीने केलेला असा अभिनय मी आजवर पाहिला नाही. अंगावर काटा आला.

गावाला अर्थात काही कळले नाही. शिट्ट्या, बोंबाबोंब, एकाने पडद्यावर चप्पल फेकली. उकंडराव हातात कर्णा घेऊन काहीतरी सांगायला उठला, तेवढ्यात मी खुर्ची डोक्यावर घेऊन बाहेर. अशा अनुभवावर उकंडरावचा आवाज ऐकणे म्हणजे श्रीखंडावर ठेचा.

क्रमांक एक. निर्विवाद.

गुरुवार, ११ जानेवारी

तंबू कालच्याहून गच्च. काल ओरडणारी तमाम मंडळी आज पुन्हा तिकीट काढून हजर. यांना लाज कशी नाही?

'फौजदार घरी नाहीत'. थिल्लर. फौजदार लग्नाला निघतो आणि एकदम तुरुंगात! मिशी गायब. (लावायला विसरले असावेत. एवढा मोठा नट!) मग दहा मिनिटे गजाला कपाळ टेकून रडणे. का रडतो, पत्ता नाही. किळस आली.

आणि गाव? चिडीचूप. बायकांच्या बाजूने मुसमुसणे. त्यात आमची अन्नपूर्णाबाई आघाडीवर. घरी येताना विचारले की फौजदार रडतो यात तुला काय समजले? म्हणे, "माणूस रडून राह्यला होता, तेवढं दिसलं मले." झाले हिचे परीक्षण. ताट वाढून ठेवले होते तेही तिने झाकून टाकले. भूक नाही म्हणे.

क्रमांक एकतीस. याच्याखाली जागा असती तर तिथे टाकला असता.

रविवार, १४ जानेवारी. संक्रांत.

इंद्रभान तिळगूळ घ्यायला आला. हा तंबूचा ऑपरेटर, एकच मशीन, दर रिळाला दिवे लावून थांबणार. बसल्या बसल्या म्हणतो कसा, साहेब, त्या दोन पिक्चरच्या शेवटच्या रिळांचे डबे भुसावळच्या वितरकाकडूनच अदलाबदल होऊन आले होते. मला वाटले त्याला पश्चात्ताप झाला. कसला! पुढे सांगतो की बुधवारी लोक बोंबलले तेव्हा मालकाने कर्ण्यावरून जाहीर केले, "ज्याले या पिच्चरचा खरा शेवट पाहाचा आहे त्यानं उद्याचं तिकीट काढावं." आणि गुरुवारी मुद्दाम त्या खऱ्या शेवटाचे रीळ लावायला सांगितले.

मी हसलो. दिग्दर्शकाच्या प्रतिभेचे श्रेय एक ऑपरेटर लाटू पाहतो! त्याला दोन लाडू देऊन वाटेला लावले. अन्नपूर्णाबाई आतून म्हणाली, "अवो, साऱ्या गावाले मालूम आहे." साऱ्या गावाला तर रेड्याला गुरुवारी पाणी पाजू नये हेही मालूम आहे.

मंगळवार, २३ जानेवारी

मोठी बातमी. सरपंच शंकरराव स्वतः काट्यावर येऊन सांगून गेले. ११ फेब्रुवारीला नटवर्य मार्तंड देशमाने आमच्या गावात! चिखलीला एकसष्टीचा सत्कार, तिथून मोटारीने खामगाव. वाटेत उकंडरावच्या तंबूत अर्धा तास चहा.

हे फक्त इथेच लिहितो. विसाव्या वर्षी मी अकोल्याला त्यांचे नाटक पाहिले आणि त्यांच्या कंपनीबरोबर निघालो होतो. बाबांनी मोटार स्टँडवरून कानाला धरून परत आणले आणि काट्यावर बसवले. तो अजून उठलो नाही. तेव्हापासून त्यांना सतरा पत्रे घातली. एकाचेही उत्तर नाही. मोठ्या माणसांना वेळ नसतो. माझे मागणे लहान आहे. त्यांनी एकदाच, या टरफलफेक्या गावासमोर, म्हणावे की हा माणूस रसिक आहे. बस.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

निबंध तयार. बेचाळीस पाने. शंकररावांना म्हटले, दीड तास लागेल. ते म्हणाले, पाच मिनिटं. चहा थंडा होते. या गावात कला आणि चहा यांत चहा जिंकणार हे ठरलेलेच.

ठराव : फक्त पहिला आणि शेवटचा क्रमांक वाचायचा. स्तुती आणि स्पष्टवक्तेपणा दोन्ही त्यात आले. भाट तर त्यांच्याभोवती रोज असतात. खरे बोलणारा भेटला की ते उठून मिठी मारतील असा माझा अंदाज आहे.

शनिवार, १० फेब्रुवारी

कोटाला इस्त्री. आरशापुढे तालीम सात वेळा. 'मला', 'तुम्हाला', 'का बरे'. एकदाही घसरलो नाही.

अन्नपूर्णाबाई मागे लागली आहे. "ते शेवटचं नका वाचू. त्या माणसाले वाईट वाटन." मी समजावले की समीक्षकाला हृदय बाजूला ठेवावे लागते. म्हणे, "मंग कुठी ठेवता? फळीवर तं दिसत नाही." अशा वातावरणात मी बेचाळीस पाने लिहिली, हे इतिहासाने नोंदवावे.

रविवार, ११ फेब्रुवारी. संध्याकाळ.

आज काही लिहीत नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

लिहितो. दुसरा कोणी वाचणार नाही.

ते आले. पांढरे धोतर, काठी, पडद्यावर दिसतात त्याहून बुटके. तंबूत खुर्ची एकच, माझी. त्यांना दिली. त्यांनी बशीत चहा ओतला आणि मी उभा राहिलो.

'क्रमांक एक, काळी दौत,' असे म्हटले आणि वरातीवर आलो. पाठमोऱ्या अभिनयाची परिसीमा, वगैरे. मागून कोणीतरी फिसकन हसले. मग आणखी कोणी. मग सगळा तंबू. नटवर्यांनी बशी खाली ठेवून विचारले, 'काळी दौत'मध्ये वरात कुठून आली? मी म्हणालो, स्वप्नात. तेव्हा इंद्रभान मशीनजवळून ओरडला आणि रिळांची सगळी गोष्ट त्याने सांगून टाकली. उकंडराव चहाची किटली घेऊन कनातीमागे गेला तो मोटार सुटेपर्यंत आला नाही.

नटवर्य म्हणाले की त्या वरातीच्या दिवशी ते टायफॉइडने पडून होते. त्यांच्या मेकअपवाल्याला मिशी लावून नाचवले, म्हणून तर पाठमोरा घेतला.

तिथे थांबायला हवे होते. पण तोंडाला गती आली होती आणि कागद हातात होता. क्रमांक एकतीस वाचला. 'गजाला कपाळ टेकून दहा मिनिटे चाललेले हे निरर्थक रडणे पाहून किळस येते.' सगळे वाक्य वाचले. या वेळी कोणी हसले नाही.

ते सावकाश म्हणाले की ते 'काळी दौत'चे शेवटचे रीळ. त्या सकाळी आई गेल्याची तार आली होती. शूटिंग थांबवता येईना. तार खिशात घालूनच तो शॉट दिला. लोक त्याला नाना नावे ठेवतात, किळस मात्र आज पहिल्यांदा ऐकली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते.

मी म्हणालो, "मले माफ करा." मले. सात वेळा तालीम करून.

त्यांनी तंबूभर पाहत विचारले, कोणालाच आवडले नाही का हो? दोरीच्या पलीकडे एक बाई उठली. आमचीच. म्हणाली, "आवडलं कसं म्हणू जी? मले त्या राती जेवण गेलं नाही."

ते उठले. तिला हात जोडले. मोटारीत बसले. मला मिठी मारली नाही. हातात काठी होती, त्यामुळे जमले नसेल.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

विचारान्ती असे दिसते की दोष भुसावळचा आहे. डबे नीट आले असते तर माझा क्रम नीट लागला असता. शिवाय पाठमोरा मेकअपवाला उत्तम नाचला होता. ते माझ्या नजरेने टिपले, ही गोष्ट कोणी लक्षात घेत नाही.

उकंडरावने माझी खुर्ची परत द्यायला नकार दिला. नटवर्य हिच्यावर बसले म्हणून हार घालून तंबूच्या दारात ठेवली आहे. मॅनेजर विचारतात, ऑफिसची खुर्ची कुठे? काट्यावर गठाणीवर बसून काम करतो आहे. गाडीवाले वजन करून झाले की विचारतात, "साहेब, आमच्या गाडीचा नंबर कितवा?"

नवा संकल्प : बोलपटांचा नाद सोडणे. नाटकांचा क्रम लावणे.

मंगळवार, २० फेब्रुवारी

'काळी दौत' पुन्हा लागला. उकंडरावची जाहिरात : 'असली शेवटासहित'. मी जाणार नव्हतो. गेलो. खुर्ची नसल्यामुळे मातीत बसलो, दोरीला लागून.

शेवटचे रीळ पाहिले. क्रमांक देण्याचे राहून गेले. घरी आल्यावर ताट झाकून ठेवले. सकाळी अन्नपूर्णाबाईने झाकण उघडून पाहिले आणि चहाबरोबर दोन भाकरी जास्त वाढल्या.

शुक्रवार, १ मार्च

पोस्टमन काट्यावर आला. पाकिटावर नटवर्यांचा शिक्का! अठ्ठावीस वर्षांनी! गाडीवाल्यांसमोर मुद्दाम उंच धरले. मग नाव वाचले. 'सौ. अन्नपूर्णाबाई यांस.'

घरी वाचून दाखवले. लिहितात की तुम्ही जेवला नाहीत एवढी मोठी पावती मला आयुष्यात मिळाली नाही. हल्ली काम सोडावे असे वाटते. एक शेवटचा चित्रपट समोर आला आहे. करू की नको, तुम्ही सांगा.

हिला! हिने उभ्या जन्मात सहा चित्रपट पाहिले असतील, त्यांतल्या दोहोंत झोपली होती. हिला लिहिता येत नाही, म्हणून मी लेखणी घेऊन बसलो आणि ही तांदूळ निवडत सांगत गेली. "लिहा, करा म्हणा काम. रिकामा माणूस घरात लय जड होते, हे मले मालूम आहे. पण रडाचं काम असन तं आधी पोटभर जेवत जा. आणि आईचं मनाले लावून घेऊ नका म्हणा. तुमी कामाले गेले होते, हुंदडाले नव्हते गेले. तिले समजलं असन."

खाली थोडी जागा होती. मी चार ओळी माझ्या घातल्या. रसिकता, डब्यांची चूक, क्रमाची सुधारित आवृत्ती. ही कागदाकडे पाहून म्हणाली, "म्या एवढं सांगतलंच नाही." अक्षरओळख नाही, पण माप बरोबर. चारही ओळी खोडल्या. दुसऱ्या कागदावर स्वच्छ उतरवून काढले. तिने अंगठा लावला.

पाकिटावर पत्ता मी लिहिला. कुठे पाहावा लागला नाही. अठराव्यांदा लिहीत होतो.