बरणीचा तळ

२ फेब्रुवारी
आई जाऊन महिना झाला. रडू येत नाही. येईल तेव्हा येईल, त्यासाठी अडून कशाला बसा? ऑफिसातून मोकळा झालोच आहे. (त्यांनी केलं. पण मी सोडणारच होतो.) निर्णय: घरगुती लोणच्याचा बिझनेस. आईचं लिंबाचं लोणचं, आजीकडून आलेलं. मी मालक, बायको मदतनीस. तिला सांगितलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, चिमटे द्या. हा होकारच.

५ फेब्रुवारी
'चार पिढ्यांची चव' ही टॅगलाइन फायनल. आजी, आई आणि मी मिळून पिढ्या तीनच भरतात, पण मार्केटिंगमध्ये एवढं चालतं. रेसिपी कुठे लिहिलेली नाही. गरजही नाही. लहानपणापासून बघतोय. लिंबं, मीठ, तिखट, ऊन. यात न कळण्यासारखं काय आहे?

९ फेब्रुवारी, सकाळी
सॅम्पलिंग. आईची मोठी बरणी काढली. तळाशी बरंच शिल्लक होतं. बायको म्हणाली, ती रिकामी करू नका, आई कधी करत नव्हत्या. मी म्हणालो, आई बिझनेसही करत नव्हत्या. निरुत्तर झाली. नंतर पाहिलं तर ती मघाशीच उठून गेली होती.

दुपारी
छोट्या बाटल्या भरून वाटल्या. कोपऱ्यावरचा दुकानदार, दातांचे डॉक्टर आणि शेजारचे काका. काकांना मी मनातल्या मनात हवामान खातं म्हणतो, कारण त्यांचं भाकीत नेहमी वाईटच. बरणीत थोडा काळपट खार उरला होता. हायजीन! गरम पाणी, साबण, ब्रश. आईच्या वेळीसुद्धा बरणी इतकी चकचकीत नव्हती.

१३ फेब्रुवारी
दुकानदाराचा फोन. म्हणाला, असं लोणचं कित्येक वर्षांत खाल्लं नाही, महिनाअखेर माल आणा, पुढच्या शेल्फवर ठेवतो. बायकोला सांगितलं तर तिचे डोळे भरले. मला काही झालं नाही. धंद्यात असंच लागतं. हवामान खातं म्हणालं, पुढचं असंच होईल कशावरून? जळतात लोक.

१४ फेब्रुवारी
लिंबं धुतली, पुसली, चिरली. बोट कापलं, त्यात मीठ गेलं. झोंबायला हवं होतं. विशेष काही वाटलं नाही. बरणी गॅलरीत उन्हात. संकल्प: रोज सकाळी हलवायची.

१७ फेब्रुवारी
हलवली नाही. लेबलचा फॉन्ट ठरवत होतो.

२१ फेब्रुवारी
हलवली. हात दुखला. आई हे रोज करायची. पण तिला सवय होती.

२६ फेब्रुवारी
चाखलं. आधी मीठ लागलं, मग लिंबू, मग तिखट. एका बाकावर बसलेली, एकमेकांची ओळख नसलेली माणसं. बायकोला दिलं. ती पाणी प्यायली. मुरेल. कुठलीही मोठी गोष्ट मुरायला वेळ लागतो.

२७ फेब्रुवारी
दुकानदाराने चाखलं. विचारलं, हे दुसऱ्या कुणाचं आहे का? मी हसलो. तो हसला नाही.

२८ फेब्रुवारी
ताईला फोन. पथ्यामुळे तिच्या घरात लोणचं येत नाही, पण आईबरोबर लिंबं चिरायला तीच बसायची. विचारलं, आई वेगळं काय घालायची? म्हणाली, वेगळं काही नाही, जुना खार. मागच्या लोणच्याचा खार नव्यात. त्या मागच्यात त्याच्या आधीचा. आजीच्या सासूपासून चालत आलेला. म्हणून तर बरणी कधी तळाला जाऊ द्यायची नाही. मग म्हणाली, आहे ना रे तो?

मी म्हणालो, आवाज कट होतोय.

म्हणजे पिढ्या चारच होत्या. टॅगलाइन बरोबर होती. बरणी धुवेपर्यंत.

२ मार्च
वाटलेलं परत गोळा करायला निघालो. दुकानदाराने तेव्हाच संपवलं होतं. हवामान खात्याने बाटली घासून ठेवली होती. रिकामी कशी परत करायची, म्हणून साखर भरून दिली. आईची बरणी मात्र पूर्ण रिकामी झाली, हे त्यांना सांगत बसलो नाही.

३ मार्च
दातांच्या डॉक्टरांकडे बाटली तशीच! आंबट दातांना वाईट म्हणून उघडलीच नव्हती. दिलेली वस्तू सरळ मागायची लाज वाटली, म्हणून आधी दात दाखवला. कीड निघाली. कोरून, भरून, शेवटी बाटली मिळाली. योजना: उद्या सकाळी यातला खार बरणीत. परंपरा पुन्हा सुरू. दुकानदाराला नवी तारीख द्यायची.

४ मार्च
झाकण उघडलं. स्वयंपाकघरात आई आल्यासारखा वास. म्हटलं, बोटाला लावून फक्त क्वालिटी तपासू. मग म्हटलं, नुसतं कसं खायचं? कालचा भात होता. ओट्याशी उभ्यानेच खाल्ला. थोडा आणखी घेतला. मग भात संपला. मग बाटलीत बोट फिरवलं. डॉक्टरांनी भरलेली दाढ ठणकत होती, म्हणून डोळ्यांतून पाणी आलं. बराच वेळ येत राहिलं.

बायको आली. बरणी तशीच, बाटली कोरडी. तिने भाताचं भांडं उचलून घासायला घेतलं.

दुकानदाराला फोन केला. सांगितलं, माल संपला.