शेवट सोडून बाकी कादंबरी उत्तम

लिहून ठेवणार मी, वय सत्त्याहत्तर, धंदा चष्म्याचा, व्यसन वाचनाचं, खोकला आता बरा न होणारा. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी करून हे लिहवून घेतलेलं नाही. उलट वकीलसाहेबच मघापासून "थोडक्यात आटपा" म्हणून मागे लागले आहेत. आयुष्य आटपत आलंय, निदान मृत्युपत्र तरी ऐसपैस असू द्या, असं मी त्यांना सांगितलं आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही आणि यापुढे करायला सवड मिळेल असं दिसत नाही.

डॉक्टरांना मी सरळच विचारलं होतं, "जाडजूड कादंबरी सुरू करू का?" ते माझं जुनं गिऱ्हाईक. चष्मा काढून उगाच पुसत बसले. मग म्हणाले, "काका, एखादा कथासंग्रह बघा." घरी आलो आणि वकिलांना फोन केला.

मला दोन मुलं. धाकटा मुलगा माझ्याजवळ राहतो. थोरली मुलगी, घरात सगळे तिला टिटवी म्हणतात कारण लहानपणी एकदा सुरू झाली की थांबायची नाही, ती दुसऱ्या शहरात असते, पुस्तकं लिहिते, आणि तिची आई गेल्यापासून या घरात आलेली नाही. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठी आहे. मी गेल्यावर तरी ती येईल की नाही, एवढा एकच घोर मला लागला आहे. बाकीच्यांनी आपापलं कलम ऐकून घ्यावं आणि मग चहा प्यायला जावं.

कलम १. राहतं घर, गच्चीसह, दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. धाकटा म्हणेल, "बाबा, ती तर इथे राहतच नाही." राहत नाही म्हणूनच तिचा हक्क कागदावर हवा. सूनबाईने तिच्या खोलीत इस्त्रीचं टेबल टाकलं आहे ते हलवावं. रागावून नाही सांगत, पण हलवावं.

कलम २. दुकान, काचा घासायचं यंत्र, डोळे तपासायची भिंगांची पेटी आणि फ्रेमांचा सगळा साठा धाकट्याला. तो व्यवहाराला पक्का आहे आणि पुस्तकाच्या वाटेला जात नाही, त्यामुळे दुकान बुडणार नाही. एकच अट. जवळचं नीट दिसतं का हे तपासायला माझ्या दुकानात छापील तक्ता कधी वापरलेला नाही. मी त्या वेळी जे पुस्तक वाचत असेन तेच उघडून गिऱ्हाइकापुढे धरतो. "वाचा मोठ्याने." मी भिंगं बदलत जातो, अक्षरं स्वच्छ होत जातात, आणि मधूनच एखादा म्हणतो, "पुढे काय झालं हो?" अशी कितीतरी माणसं मी नादाला लावली. धाकट्याने तक्ता आणून टांगला तर मी वर गेलो असलो तरी खाली येईन. याच सवयीने पुढे माझा घात केला, पण ते त्याच्या जागी सांगतो.

कलम ३. भिंतीवरची सगळी पुस्तकं सार्वजनिक वाचनालयाला. गेल्या वर्षभरात वाचलेली मात्र माणसं बघून वाटत आहे.

चार पिढ्यांची ती ठोकळ्यासारखी कादंबरी मेहुण्याला. लेखकाला पात्रं जन्माला घालायची हौस भारी, सांभाळायच्या नावाने शंख. एक आत्या पहिल्या भागात पाणी आणायला जाते ती परत येतच नाही. मेली नाही, पळून गेली नाही, लेखक तिला साफ विसरला! मेहुण्याने माझ्याकडून नेलेली पुस्तकंही अशीच गेली ती गेली. दोघांचं चांगलं जमेल.

म्हातारपण आनंदात कसं घालवावं हे सांगणारं पुस्तक वकीलसाहेबांना. मागे लेखकाचा फोटो आहे, डोक्यावर काळेभोर केस. म्हणतो, रोज एक नवा मित्र जोडा. अरे बाबा, जुने पोचवून येईपर्यंत इथे दम लागतो!

रहस्यकथा सूनबाईला. रहस्यकथा वाचून झाली की खुनी कोण ते पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवायचं, ही माझी जुनी खोडी. या पुस्तकात लिहिलेलं नाही. सूनबाईने माझं पथ्य सांभाळलं, बेचव जेवणाबद्दल माझी बोलणी खाल्ली, कधी उलटून बोलली नाही. तिचा विरस करायचं जिवावर आलं.

काचेचा इतिहास सांगणारं पुस्तक धाकट्याला. एवढं एक तरी वाच रे. वाळूपासून आपल्या दुकानापर्यंतचा प्रवास आहे, कुठे कंटाळवाणं नाही. भट्टीवरच्या कामगारांचं प्रकरण संपवलं तेव्हा हे तुझ्या आईला वाचून दाखवायला हवं म्हणून मी उठलोसुद्धा. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि मग आठवलं.

शेजारच्या शिंप्याला काही नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकील म्हणतात. शिंपी म्हणाला, "मग साक्षीदार दुसरा बघायचा होता ना!"

कलम ४. आता शेवटचं पुस्तक. एका नव्या लेखिकेची कादंबरी म्हणून मी ती विकत आणली. नाव ओळखीचं नव्हतं, पोरीने टोपणनाव घेतलं होतं. न वाचताच दुकानात नेली. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई सकाळीच चष्मा बदलायला आल्या. मी पुस्तक मधेच उघडून त्यांच्यापुढे धरलं. बाकावर आणखी दोघं बसले होते. बाई मोठ्याने वाचायला लागल्या. चष्मेवाल्या बापाची मुलगी सांगत होती, आई गेली त्या दुपारी बाप तिच्या उशाशी पुस्तक वाचत बसला होता. मी दारात उभी होते. त्याने पान उलटलं. वर पाहिलंसुद्धा नाही.

बाई थांबल्या. मला वाटलं भिंग चुकलं. बदललं आणि विचारलं, "आता दिसतंय?"

"दिसतंय हो," बाई म्हणाल्या. "म्हणूनच थांबले."

कादंबरी मी घरी नेऊन सबंध वाचली. माझं प्रामाणिक मत असं की पुस्तक उत्तम आहे. या वर्षात इतकं चांगलं दुसरं वाचलं नाही, आणि हे लेकीचं म्हणून म्हणत नाही, लेकीचं असूनही म्हणतोय. जिन्याची हलणारी पायरी, गळका नळ, मी पुस्तकाआडून प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणायचो ते, सगळं जसंच्या तसं उतरलं आहे. भाषेत कुठे नटवेपणा नाही. काळजाला घरं पडली, पण मधे एकदाही खाली ठेववली नाही.

वाचकाने लेखकाला उलट उत्तर देऊ नये असं मी मानतो. पण मी बापही आहे, म्हणून एवढंच सांगतो. पोरी, त्या दुपारी मी स्वतःसाठी वाचत नव्हतो. तुझ्या आईला वाचून दाखवत होतो. तिला आवाज सोसत नव्हता म्हणून कानाशी लागून, अगदी हळू. ती म्हणाली होती, "मी डोळे मिटले तरी तुम्ही थांबू नका. मला ऐकू येतं." म्हणून मी थांबलो नाही. पान उलटलं तेव्हा ती गेलेली होती आणि मला कळलं नव्हतं. कळल्यावरही मी ते पान पूर्ण वाचलं. वाक्याच्या मधे तिला सोडवेना. तू दारात होतीस हे मला तुझ्या कादंबरीतून कळलं.

हे सांगायला मी तिला फोन केला होता. तिने उचलला. म्हणाली, "बोला, बाबा." मी म्हटलं, "पुस्तक वाचलं. चांगलं आहे." ती म्हणाली, "अजून काही सांगायचंय?" सगळं ओठांवर आलं होतं. आणि तोंडातून निघालं काय, तर "हं". तिने फोन ठेवला. मी तिच्या जागी असतो तर मीही ठेवला असता.

वकील म्हणताहेत, हे कलम कायद्यात बसत नाही. नसेना का. माझ्या घशात इतकी वर्षं बसलं आहे.

कलम ५. कादंबरीच्या शेवटाबद्दल. शेवटी तो बाप मरतो. मुलीला फोन येतो. ती ऐकते, फोन ठेवते आणि बादलीतले उरलेले कपडे वाळत घालते. जात नाही. संपली कादंबरी. वर्तमानपत्रात एकाने या शेवटाला निर्भीड म्हणून डोक्यावर घेतलं. त्याला काय डोंबल कळतंय! हीच मुलगी लहानपणी बापाला ताप आला म्हणून शाळा बुडवून काउंटरखाली बसून राहिलेली आपण वाचली आहे. बापाच्या बोटांना लागलेली पॉलिशची पूड, ती बोटं पुसायची त्याची लकब, हे तिने इतकं जवळून लिहिलं आहे की मला माझे हात नव्याने दिसले. जिला हे एवढं आठवतं ती कपडे वाळत घालत बसणार नाही. पात्र असं वागत नसतं. जन्मभर वाचतोय मी, मला कळतं. शेवट खोटा आहे. लेखिकेने रागात लिहिला आहे आणि तिलाही ते माहीत आहे.

म्हणून शेवटची सूचना. मी गेलो की धाकट्याने स्वतः तिला फोन करावा, निरोप पाठवू नये. "बाबा गेले, ताई. ये," इतकंच म्हणावं. माझी बाजू मांडू नये, रडून भरीला घालू नये. आणि थांबावं.

हे वाचून दाखवलं तेव्हा धाकटा म्हणाला, "आणि ती नाहीच आली तर, बाबा? किती थांबायचं आम्ही?"

ती येईल. मला उचलायची घाई करू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मला मान्य आहे.
(सही) मृत्युपत्र करणारा, चष्मेवाला

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी (सही). त्यांनी माझ्यासमोर सही केली. मधे दोनदा खोकले, पण सही पुरी केली.

साक्षीदार दुसरी: शाळेच्या निवृत्त बाई (सही). त्यांनी माझ्यासमोर सही केली. कादंबरी मीही पूर्ण वाचली आहे. ती येईल असं मलाही वाटतं.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तो