‘आई, दुपारी’ ही प्लेलिस्ट

दि. ९ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद.

मायन्यातच दोन कागद वाया गेले. सवयीने ‘चि. सौ.’ लिहून बसलो, मग फाडला. शेवटी तुझं घरातलं नाव घातलं. ते काही कोर्टात रद्द झालेलं नाही. तू बरी असशील. आम्ही ठीक आहोत. माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, आई तशी बरी आहे, घशाचं जरा चालू आहे.

पत्राचं कारण म्हणजे तू बसवलेला गाण्यांचा डबा. चपलांच्या कपाटावरचा तो काळा डबा, ज्यात तू घरातले सगळे फोटो, सिनेमे, गाणी भरून ठेवलीस आणि टीव्हीवर, फोनवर कुठेही लागतील अशी सोय करून दिलीस. मध्यंतरी तो बिघडला. म्हणजे सगळा नाही. सिनेमे लागत होते, माझी जुनी गाणी लागत होती. फक्त ‘आई, दुपारी’ लागेना. शिवणाला बसलेल्या आईचं गुणगुणणं तू तिच्या नकळत फोनमध्ये टिपायचीस, ती प्लेलिस्ट. नावं सगळी दिसायची, पण दाबलं की ते गोल चक्र फिरत राहायचं आणि खाली यायचं, ‘फाइल सापडत नाही’.

जन्मभर पाणीखात्यात लाइनी तपासल्या मी, त्यामुळे मला वाटलं, अडलं असेल कुठेतरी. डबा बंद करून चालू केला. तारा काढल्या, पुसल्या, परत खोचल्या. राउटर उचलून खिडकीत ठेवला. टीव्हीलाही दोन शब्द सुनावले. काही उपयोग नाही. आई खुर्चीत बसून बघत होती. हातात बटण लावायला घेतलेला सदरा, पण सुई हलत नव्हती.

चिरंजीवांना फोन केला. तो म्हणाला, “बाबा, डब्यात फार पसारा झाला होता, मागे आलो तेव्हा आवरला. उडवलं काहीच नाहीये.” तू गेल्यापासून त्याला आवरण्याचा नाद लागलाय. कपाटं झाली, माळा झाला, आता डबा.

मग कोपऱ्यावरच्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्या बाईंना घरी बोलावलं. रविवार होता, चिरंजीवही जेवायला आला होता. बाईंनी लॅपटॉप उघडला, चहा घेतला आणि म्हणाल्या, “काका, गाणी घरातच आहेत. कुणीतरी ती ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवलीत. प्लेलिस्टमध्ये गाणी नसतात हो, नुसते त्यांचे पत्ते असतात. ती बिचारी अजून आधीच्याच जागी शोधतेय.”

चिरंजीव ताटाकडे बघत जेवत राहिला.

बाईंनी बसून सगळे पत्ते बदलले. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाल्या, “आणखी एक विचारायचं होतं. बाहेरून एक फोन जोडलेला दिसतोय. ‘भिंगरीचा फोन’. रोज दुपारी हीच प्लेलिस्ट मागतोय आणि त्यालाही ती मिळत नव्हती. ओळखीचा आहे का? नसेल तर काढून टाकते.”

तुझ्यावर पाळत ठेवली असं समजू नकोस गं. मला तोवर ठाऊकच नव्हतं. पण तू इतके दिवस दुपारी यायचीस आणि तशीच परत जायचीस, हे कळलं आणि मी ताट बाजूला सारलं.

“काढून टाका,” चिरंजीव म्हणाला. रागाने नाही. बिल भरून टाका म्हणावं, तसं.

आई उठली. बाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “राहू दे.” बाईंना ऐकूच गेलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “राहू द्या म्हणतेय.”

आता घशाचं सांगतो. उन्हाळ्यात तिचा आवाज बसला. आम्ही सर्दीवर ढकललं. मग गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण गेली, आता भीती नाही असं डॉक्टर म्हणतात. पण आवाज गेला. बोलते, पण नुसता वारा येतो. गाणं तर संपलंच. तुला कळवायचं नाही असं तिने मला बजावलं होतं. म्हणाली, ती धावत येईल, आणि मग तिला परत जाताना बघायचं कुणी? म्हणून मी गप्प होतो. आणि म्हणून ती प्लेलिस्ट बंद पडल्यावर माझा जीव इतका खालीवर होत होता.

बाई गेल्यावर चिरंजीवाने आपलं ताट घासलं, आमची दोघांचीही घासली. निघताना दारात म्हणाला, “आईचं तिला सांगितलंत?”

“नाही.”

बुटाची नाडी बांधायला तो नको इतका वेळ वाकून राहिला. “सांगा,” म्हणाला, आणि जिना उतरून गेला. तुमचं का पटलं नाही ते मी तेव्हा विचारलं नाही, आजही विचारणार नाही. पण पोरगा वाईट नाही, एवढं तुलाही ठाऊक आहे.

आता दुपारी आई टीव्हीपुढे शिवण घेऊन बसते. स्वतःचंच गाणं ऐकते, मधेच मशीनची खडखड, मधेच “अगं, ती कात्री दे इकडे” म्हणून तुला मारलेली हाक. बाईंनी स्क्रीनवर कोण कोण जोडलंय ते बघायला शिकवलंय. थोड्या वेळाने तुझं नाव उमटतं. आई माझ्या दंडाला हात लावते आणि म्हणते, “आली.”

तुला फोन लावून तिच्या हातात द्यावा असं मनात होतं. आधी मी शेजारच्या खोलीत फोन घेऊन बसलो आणि तिला इकडून फोनवर बोलायला लावून पाहिलं. काही पोचत नाही. तिचं ऐकायचं तर अगदी जवळ बसावं लागतं, कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो. आणि सांगायचं फार साठलंय तिच्याकडे. मला थोडं सांगते, बाकीचं म्हणते, हे तुमच्याशी बोलण्यासारखं नाही.

दुपारी आम्ही दोघंही घरीच असतो.

बाबा