पानिपतच्या रजईखालचं गाणं

नोएडा, मंगळवार संध्याकाळ

मी फोनवर गाऊन पाठवलेली मागची कविता नातीने अर्ध्यात बंद केली होती. चाल रडकी होती का? म्हणून आज माझ्या शाळेतली दुसरी कविता. आवाज नको म्हणून पंखा बंद केला, पानिपतची रजई डोक्यावरून घेतली, समोर फोन ठेवला आणि गाता गाता कवितेतली नदी कागदावर काढू लागलो. घामाने नदीला पूर आला. तेवढ्यात हिने रजई उचलली. "अहो, उन्हाळ्यात रजई? चक्कर येऊन पडाल." तेही रेकॉर्ड झालं. पुन्हा गायचं त्राण नव्हतं, तसंच पाठवलं. चित्रासकट.

लगेच नातीचा फोन. "आबा, पूरा ऐकलं! आजी कसली मस्त बोलते यार. नेक्स्ट टाइम तिलाच गायला सांगा ना. नदी छान आहे."

तेव्हापासून ही स्वयंपाकघरात घसा साफ करतेय. उद्यापासून मी बहुधा फक्त चित्रंच काढायची.